पैसे कंपनीचे, रुग्ण कोणाचा?

गेल्या वर्ष-दीड वर्षात निरनिराळ्या निमित्तांनी भेटलेल्या तरुण वैद्यांपैकी अनेकांनी प्रस्तुत लेखिकेला एकच प्रश्न विचारला : 'मॅडम, दवाखाना टाकण्याऐवजी हेल्थ कोच म्हणून सुरुवात केली तर?' प्रश्नामागील अडचण खरी आहे. चिंचवड, मोशी किंवा वाकड येथे रस्त्यालगतचा लहानसा गाळा भाड्याने घ्यावयाचा तर अनामत रक्कम, भाडे, फर्निचर, औषधांचा प्राथमिक साठा आणि पंचकर्माची द्रोणी एवढ्यानेच घरच्यांची शिल्लक संपते. रुग्ण स्थिरावेपर्यंत दोन-तीन वर्षे जातात. तोपर्यंत एखाद्या खासगी रुग्णालयात रात्रीची ड्युटी करून दिवस काढावे लागतात, आणि त्या ड्युटीत आयुर्वेदाचा संबंध किती येतो हे आपण सर्वजण जाणतो. याउलट कोचला दूरध्वनी, एक खुर्ची आणि बोलण्याची हातोटी पुरते, असे वरवर दिसते.

माझे उत्तर 'अवश्य करावी' असेच आहे. मी स्वतः २०१७ सालापासून दवाखान्याच्या जोडीने हे काम करीत आहे आणि ते सोडण्याचा माझा विचार नाही. मात्र कोणत्याही प्रशिक्षणवर्गात न शिकविला जाणारा एक प्रश्न नवोदितांनी पहिल्या दिवसापूर्वीच सोडवून घ्यावा असे मला आग्रहाने म्हणावयाचे आहे. आपल्याला पैसे कोण देणार, आणि ते घेऊन आपण कोणाचे राहणार, हा तो प्रश्न. तो मी वेळीच सोडविला नाही. त्याची किंमत दुसऱ्याच कोणालातरी भरावी लागली. ती हकिगत पुढे येईलच.

आपल्या भागात हे काम कोणासाठी करावयाचे आहे ते आधी पाहावे लागेल. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, १९६२ साली एम.आय.डी.सी. आली, आणि त्यानंतरच्या दोन दशकांत कायम नोकरी, संघटना, प्राधिकरणातील घर व कंपनीची बस यांच्या आधारावर एक कामगारवर्ग उभा राहिला. आपल्यापैकी अनेक वैद्यांचे दवाखाने याच वर्गाने चालविले. पुढे उद्योग उत्तरेकडे सरकले. बजाज ऑटोचा चाकण येथील कारखाना १९९९ साली सुरू झाला, फोक्सवॅगनचा २००९ साली, आणि आकुर्डीतील बजाजचे उत्पादन २००७ साली थांबले. महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, नाणेकरवाडी या गावांत आज जो तरुण पत्र्याच्या खोलीत चौघांबरोबर राहतो तो बीड, हिंगोली, यवतमाळ किंवा थेट बिहार, ओडिशातून आलेला असतो. बहुतेकदा तो ठेकेदाराचा माणूस असतो आणि त्याची पाळी दर आठवड्याला बदलते. स्वास्थ्यरक्षणाच्या मार्गदर्शनाची सर्वांत जास्त गरज त्यालाच आहे, आणि त्याच्या खिशात त्यासाठी पैसे नाहीत. पैसे आहेत ते कंपनीकडे, किंवा वाकड-हिंजवडीकडील संगणक अभियंत्याकडे. कोचच्या व्यवसायाचे सारे गणित या एका विसंगतीभोवती फिरते.

आता 'कोच' या शब्दाविषयी. हा शब्द मूळचा हंगेरीतील कोच नावाच्या गावाचा. तेथे बनणाऱ्या घोडागाड्यांना गावाचेच नाव पडले. माणसाला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेते ती गाडी, आणि पुढे तसे नेणारा मनुष्यही कोचच झाला. खेळाच्या मैदानावरून हा शब्द कार्यालयांत आला. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही संस्था १९९५ साली अमेरिकेत स्थापन झाली. तिच्या पहिल्या पातळीच्या प्रमाणपत्रासाठी किमान ६० तासांचे शिक्षण व १०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. आरोग्याच्या क्षेत्रातील कोचसाठी अमेरिकेत २०१७ पासून स्वतंत्र राष्ट्रीय परीक्षाही घेतली जाते. आपल्या देशात मात्र कोच या नावाला कायद्याने कोणतीही नोंदणी नाही. आज सकाळी फलक लावला की दुपारी कोच होता येते. त्यामुळेच निगडी-आकुर्डीतील उद्यानांत पहाटे वजनकाटा मांडून बसणारे आणि डब्यातील भुकटी पाण्यात ढवळून पाजणारे गृहस्थही 'वेलनेस कोच' असतात, आणि साडेपाच वर्षे अभ्यासक्रम व आंतरवासिता पूर्ण केलेला आपला वैद्यही त्याच नावाने त्यांच्या शेजारी उभा राहतो.

याच संदर्भात आपल्या परिसंवादांतून वारंवार ऐकू येणाऱ्या एका वाक्याचा मला मनस्वी कंटाळा आला आहे. 'हे सर्व आपल्याकडे आधीपासूनच आहे' हे ते वाक्य. आहे, हे खरे. परंतु आपण ते वापरतो काय? चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले, आणि त्यांतील रुग्ण या पादाच्या गुणांत ज्ञापकत्व, म्हणजे स्वतःची अवस्था नीट सांगता येणे, हा गुण मोजला. आपल्या दवाखान्यात रुग्णाला ज्ञापकत्व दाखविण्यासाठी आपण किती मिनिटे देतो? नाडी पाहावी, जीभ पाहावी, 'तेलकट बंद, आंबट बंद, जागरण बंद' असे तीन बंद सांगावेत आणि पुढच्याला हाक मारावी, ही आपली रीत. ज्याचे जागरण पाळीच्या फलकावर लिहिलेले आहे त्याला 'जागरण बंद' सांगणे हा मार्गदर्शनाचा केवळ देखावा होय. कोचिंगच्या वर्गात मी खरोखर शिकले असेन तर गप्प बसणे शिकले. समोरच्याने दिवस कसा जातो ते तासांसह सांगेपर्यंत काहीही न सुचविणे मला पहिले सहा महिने अतिशय जड गेले.

मात्र एकदा ऐकून घेतले की आपली संहिता उपयोगाला येऊ लागते, आणि तेथे भुकटीवाल्या कोचपेक्षा वैद्य कितीतरी पुढे असतो. रात्रपाळी करणारा कामगार सकाळी आठ वाजता खोलीवर येतो, भरपेट जेवतो आणि लगेच झोपतो. दुपारी बारा वाजता पत्रा तापल्यावर उठतो, डोके जड, तोंडाला चव नाही. अष्टांगहृदयात सवय नसताना रात्री जागरण घडल्यास त्याच्या निम्मा वेळ सकाळी, जेवणापूर्वी झोपावे असे सांगितले आहे. या एका सूचनेभोवती मी अनेकांचा दिवस बसविला आहे. मुख्य जेवण पाळीला निघण्यापूर्वी सायंकाळी. मध्यरात्रीनंतरचे जेवण हलके. सकाळी येऊन हातपाय धुऊन तळपायांना तेल, खिडकीला जाड कापड, आणि जेवण उठल्यावर. खोलीत चौघे तीन निरनिराळ्या पाळ्यांचे असतील तर त्या चौघांनाच एकत्र बसवून कोणाचा स्वयंपाक केव्हा आणि दिवा कोणी केव्हा लावायचा एवढे ठरवून द्यावे लागते. यात औषध काहीच नाही. तरीही आठ-दहा दिवसांत 'मॅडम, डोकं हलकं वाटतंय' असे ऐकू येते. यामुळे रात्रपाळी निरुपद्रवी होते असा दावा मी करणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली रात्रपाळीच्या कामाला बहुधा कर्करोगकारक अशा गटात घातले आणि २०१९ साली तोच निष्कर्ष कायम ठेवला. आपण करू शकतो ते नुकसान कमी करण्याचे काम आहे, आणि तेवढेच बोलावे.

व्यसनांच्या बाबतीत चरकाच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात आलेला पादांशिक क्रम मला सर्वांत जास्त उपयोगी पडला आहे. अपथ्याची सवय एकदम न तोडता चतुर्थांशाने सोडावी, तिच्या जागी तेवढेच हितकर आणावे, मधले दिवस क्रमाने वाढवावेत. आठ कप चहाचे सहा, मग चार. तंबाखूची पुडी दिवसाला एक असेल तर तिचे चार कागदी भाग करून सकाळीच एक भाग सहकाऱ्याच्या हवाली करणे. (हा शेवटचा उपाय माझा नव्हे, भोसरीतील एका फिटरने मला शिकविला.) दारूच्या बाबतीत मात्र हा क्रम घरी बसून राबविण्याचे धाडस कोणीही करू नये. रोज पिणाऱ्याने अचानक सोडल्यास जिवावर बेतू शकते. तेथे डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या संस्थेचा किंवा रुग्णालयाचा रस्ता दाखविणे हेच कोचचे काम होय. त्याचप्रमाणे इन्सुलिन किंवा रक्तशर्करा उतरविणारी गोळी घेणाऱ्या कामगाराच्या जेवणाच्या वेळा त्याच्या उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हलवू नयेत. लोकप्रिय झालेल्या दोन वेळच्या जेवणाच्या पद्धतीचे अनुकरण रात्रपाळीत परस्पर करून यंत्रासमोर घाम फुटून बसलेले दोघे मी पाहिले आहेत.

आता मूळ मुद्द्याकडे येते.

चाकण परिसरातील एका सुट्या भागांच्या कारखान्याने मला सहा महिन्यांसाठी बोलाविले. आठवड्यातून दोन दिवस, पाळी बदलण्याच्या वेळेस, कँटीनशेजारच्या खोलीत बसावयाचे आणि ज्यांना यावेसे वाटेल त्यांच्याशी बोलावयाचे. मानधन कंपनीचे. माझ्यासारख्या नवख्या व्यक्तीला हे मोठेच काम वाटले. करार एका पानाचा होता आणि त्यात माझ्या येण्याजाण्याचे दिवस, मानधन आणि कर कापून देयक देण्याची मुदत एवढेच लिहिले होते. माझ्याशी कामगार जे बोलतील त्याचे काय करावयाचे याविषयी त्यात एक अक्षरही नव्हते, आणि मलाही ते विचारावेसे वाटले नाही.

पहिले दोन महिने फारसे कोणी आले नाही. जे आले ते कंपनीचे कायम कामगार. ठेकेदाराकडील मुले दारात उभी राहून पाहत आणि निघून जात. तिसऱ्या महिन्यात त्यांतील एक आत आला. वय सत्तावीस-अठ्ठावीस, मराठवाड्यातला, प्रेस मशीनवर काम करणारा. त्याला झोप लागत नव्हती. सलग तीन आठवडे रात्रपाळी केल्यानंतर यंत्रासमोर क्षणभर डोळा लागतो, दचकून जाग येते, असे त्याने सांगितले. हे त्याने घरीही सांगितले नव्हते. मी त्याच्यासाठी दिवसाचा क्रम आखून दिला, पुढील आठवड्यात ये म्हणून सांगितले. त्याच दुपारी कँटीनमध्ये त्याचा सुपरवायझर माझ्या टेबलाशी चहा घेऊन बसला. सज्जन मनुष्य होता, आजही मी त्याला सज्जनच म्हणेन. 'कसा आहे आमचा पोरगा?' असे त्याने आपुलकीने विचारले आणि मीही आपुलकीनेच उत्तर दिले : 'झोप अगदी नाही हो त्याला. काही दिवस प्रेसवर नका घालू.'

हेतू चांगला होता. त्याचे बोट वाचावे हाच. पुढच्या आठवड्यात तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. नंतर त्याच्या खोलीतील एका मुलाने सांगितले की ठेकेदाराने त्याचा गेटपास पुढे वाढविला नाही. कारण कोणी सांगितले नाही, आणि विचारण्याचा अधिकार त्याला नव्हता. तो गावी गेला. त्या मुलाने हे मला रागाने सांगितले असते तर बरे झाले असते. त्याने ते अगदी साध्या आवाजात सांगितले आणि शेवटी विचारले : 'मॅडम, तुमाला सांगितलेलं सायबाला कळतं का?'

त्यानंतर उरलेल्या काळात ठेकेदाराकडील एकही कामगार त्या खोलीत आला नाही.

चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, शिष्याला दिलेल्या उपदेशात रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर नेऊ नयेत अशी स्पष्ट आज्ञा आहे. पदवीच्या वर्गात ती आम्ही पाठ केली होती. परंतु ती आज्ञा दवाखान्यात लागू होते आणि कारखान्याच्या कँटीनमध्ये होत नाही असे माझ्या मनाने नकळत ठरवून टाकले होते, कारण तेथे मी 'वैद्य' नव्हते, 'कोच' होते. दरवाजावरील पाटी बदलली की धर्म बदलतो असा हा भ्रम. शिवाय त्या खोलीत रुग्ण आपल्या पायांनी माझ्याकडे आलेला असला तरी मला तेथे आणले होते दुसऱ्याच कोणी. दवाखान्यात जो पैसे देतो तोच सहसा रुग्ण असतो किंवा त्याचा आप्त, म्हणून निष्ठेचा प्रश्न उद्भवत नाही. कंपनीच्या कामात पैसे देणारा आणि बोलणारा हे दोघे वेगळे असतात, आणि पुष्कळदा त्यांचे हित परस्परविरोधी असते. कामगाराला झोप हवी असते, कंपनीला पाळी भरलेली हवी असते.

काही व्यवस्थापकांशी या विषयावर माझी चर्चा झाली आहे, आणि त्यांची बाजू अगदीच टाकाऊ नाही. यंत्रावर पेंगणारा मनुष्य स्वतःबरोबर शेजाऱ्यालाही धोक्यात घालतो, अपघात झाला तर जबाबदारी व्यवस्थापकावर येते, मग कोचला ठाऊक असलेली गोष्ट त्याला का ठाऊक नसावी, असे ते विचारतात. याचे उत्तर मी असे देते. कामगार तंदुरुस्त आहे किंवा नाही हे ठरविण्यासाठी कारखान्याचा वैद्यकीय अधिकारी असतो. तपासणीला जाताना कामगाराला ठाऊक असते की येथील निष्कर्ष कंपनीकडे जाणार. कोचच्या खोलीत तो हे ठाऊक नसताना बोलतो. ज्या दिवशी त्याला ते ठाऊक होईल त्या दिवशी तो बोलणे थांबवील, आणि मग कंपनीलाही काहीच कळणार नाही. आता असा प्रसंग आला तर मी त्या मुलाला सांगेन की, 'आजच्या आज कंपनीच्या डॉक्टरांकडे चला, मी बरोबर येते', आणि त्याच्या संमतीने, त्याच्यादेखत, पाळी बदलण्याची विनंती करीन. तो नाही म्हणाला तर? जिवाला तत्काळ धोका असेल तर मी बोलेन, पण तसे बोलेन हे मी त्याला पहिल्या भेटीतच सांगितलेले असेल. एवढा फरक पुरेसा आहे की नाही याविषयी माझ्या मनात अद्याप शंका आहे. वाचकांपैकी कोणाला याहून चांगला मार्ग सापडला असल्यास तो मला जाणून घ्यावयाचा आहे.

याची दुसरी बाजूही आहे. नावे आत जाता कामा नयेत, पण व्यवस्थेतील दोष आत गेलेच पाहिजेत. आपण प्रज्ञापराध हा शब्द फार सैलपणे वापरतो आणि सगळा दोष रुग्णाच्या माथी मारतो. एका जुळणी विभागातील महिला कामगारांत मूत्रदाहाच्या तक्रारी एवढ्या कशा, म्हणून मी पाणी पिण्याविषयी सांगू लागले. त्यावर हिंगोलीकडील एक ताई म्हणाल्या : 'पाणी पिऊन करावं काय मॅडम, लाइन कोण सोडू देतंय?' जागेवर उभा राहणारा बदली माणूस आल्याखेरीज त्यांना लाइन सोडता येत नव्हती, आणि बदली माणूस पाळीला एकच होता. ज्या अध्यायात पादांशिक क्रम आहे त्याच अध्यायाची सुरुवात वेग धारण करू नयेत या उपदेशाने होते. परंतु येथे वेगधारण हा त्या ताईंचा अपराध नव्हता. तो मनुष्यबळाच्या तक्त्यातील अपराध होता. मी व्यवस्थापनाला नावाशिवाय, विभागाच्या पातळीवर लेखी कळविले. बदली माणूस वाढला नाही, परंतु पाळीत आणखी एक लहान विश्रांती मिळाली. दुसऱ्या एका ठिकाणी मध्यरात्रीनंतरच्या जेवणातील पुरी-भाजी जाऊन मुगाची खिचडी आली. जो कोच फक्त कामगाराला सुधारू पाहतो आणि कंपनीला कधीही काही सुधारावयास सांगत नाही, त्याला कंपनी दरवर्षी बोलावते, हेही अनुभवाने सांगते.

व्यवहाराच्या बाबी थोडक्यात. आपली महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडील नोंदणी चालू ठेवावी आणि आपल्या पत्रकावर 'वैद्य' व नोंदणी क्रमांक छापावा. कोच म्हटले की आपण सर्व नियमांच्या बाहेर जातो ही समजूत चुकीची आहे. औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा १९५४ चा कायदा वैद्यांपुरता मर्यादित नाही, तो कोणत्याही व्यक्तीला लागू होतो, आणि त्याच्या परिशिष्टात मधुमेह, स्थूलता व रक्तदाब हे तिन्ही आहेत. 'नव्वद दिवसांत मधुमेहमुक्ती' असा फलक लावून सोबत चूर्ण देणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे. कराच्या बाबतीतही नावाला महत्त्व आहे. वस्तू व सेवा कराच्या २०१७ च्या व्यवस्थेत मान्यताप्राप्त वैद्यकपद्धतीनुसार केलेल्या निदान व उपचाराला सूट आहे आणि त्यात आयुर्वेद येतो. कारखान्यातील व्याख्यानाचे किंवा कोचिंगचे देयक मात्र त्या सूटीत बसेलच असे नाही. वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेपर्यंत या कराच्या नोंदणीची चिंता सहसा नसते, तरीही दवाखान्याचा व कोचिंगचा हिशेब पहिल्या दिवसापासून निराळा ठेवावा आणि एकदा लेखापालाला विचारून घ्यावे. मोठ्या कंपनीचा व्हेंडर कोड मिळण्यासच महिना-दोन महिने लागतात आणि देयक हाती यावयास त्याहून अधिक. तेव्हा पहिल्या वर्षी कंपनीच्या पैशावर घरभाडे अवलंबून ठेवू नये.

म्हणूनच दवाखाना पूर्णपणे सोडू नका असे मी तरुणांना सांगते. गाळा परवडत नसेल तर ज्येष्ठ वैद्यांच्या दवाखान्यात सायंकाळचे दोन तास मागून घ्यावेत. हाताला नाडीची सवय राहते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कंपनीला 'नाही' म्हणण्याचे बळ राहते. मी माझे खासगी काम पाच जणांपासून सुरू केले. स्वतःच्या खिशातून पैसे देणारे, तीन महिन्यांसाठी, दर आठवड्यास एक भेट. त्यांपैकी तिघे टिकले. उत्पन्न पहिल्या वर्षी अगदीच किरकोळ होते. चौथ्या वर्षी ते दवाखान्याच्या निम्म्यापर्यंत पोहोचले आणि तेथेच थांबले आहे. समाजमाध्यमांवर जी रक्कम सांगितली जाते ती मला कधी दिसलेली नाही. आता संगणक क्षेत्रातील दहा जणांकडून जे शुल्क मिळते त्यातून महाळुंग्याला आठवड्याची एक सायंकाळ विनामूल्य बसणे मला परवडते, आणि ठेकेदाराकडील मुले तेथे येतात, कारण त्या खोलीवर कोणत्याही कंपनीचे नाव नाही.

एक गोष्ट मात्र मी कधीच केली नाही आणि इतरांनीही करू नये असे मला वाटते. कोचिंगच्या बैठकीत औषध विकणे. एका औषध कंपनीच्या प्रतिनिधीने मला सुचविले होते की प्रत्येक कामगाराला एक रसायनकल्प दिल्यास माझे मानधन दुप्पट होईल. चरकाने तीन एषणांत धनैषणेला मान्यता दिली आहे आणि त्याच संहितेत चिकित्सेचा बाजार मांडणाऱ्याची सोने सोडून धूळ गोळा करणाऱ्याशी तुलनाही केली आहे. मला या दोहोंत विरोध दिसत नाही. ज्याला औषध हवे आहे त्याने माझ्या किंवा अन्य वैद्याच्या दवाखान्यात यावे, तपासणी करून घ्यावी. दोन खोल्या निराळ्या असाव्यात.

शेवटी संघटनेकडे एक मागणी. आपल्या सभासदांपैकी जे कंपन्यांत जातात ते आजही एका पानाच्या करारावर सही करतात, जशी मी केली होती. संघटनेने एक नमुना करारपत्र मराठीत व इंग्रजीत तयार करून सर्वांना द्यावे, म्हणजे एकट्या-दुकट्या वैद्याला कंपनीसमोर हा विषय नव्याने काढण्याचा संकोच राहणार नाही. मी आता वापरते तो करार चार पानांचा आहे. कोणत्याही कामगाराचे नाव, आजार किंवा सवय मी कंपनीला वा ठेकेदाराला तोंडी अथवा लेखी सांगणार नाही, जिवाला तत्काळ धोका असेल तेवढा अपवाद, आणि हे कलम कँटीनच्या भिंतीवर मराठीत व हिंदीत लावले जाईल, असे त्याच्या चौथ्या कलमात लिहिले आहे. आतापर्यंत हा करार मी सात कंपन्यांपुढे ठेवला. तिघांनी जसाच्या तसा स्वीकारला. एका कंपनीने चौथे कलम ठेवले पण भिंतीवर लावण्याचा भाग खोडला, तेथे मी गेले नाही. उरलेल्या तिघांचे उत्तर आलेले नाही. सभासदांपैकी ज्यांना हवी असेल त्यांना त्या कराराची प्रत मी संपादकांमार्फत पाठवीन.